ब्लॅक आईसाठी पोस्टपार्टम डुला शोधायचीये? आधी पैसे कोण देणार ते बघा, मग माणूस

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी कुणाच्या घरात आता ब्लॅक सून आहे, कुणाची जिवलग मैत्रीण ब्लॅक आहे, कुणाची टीममधली रोजची जोडीदार. तिचे दिवस भरत आले की आपण सगळे एकच वाक्य टाकतो, काही लागलं तर सांग हं. ती काय सांगणार? ओल्या बाळंतिणीला स्वतःला काय हवंय हे ठरवायचीसुद्धा ताकद नसते. त्यापेक्षा बाळ यायच्या आधीच तिच्यासोबत बसून पोस्टपार्टम डुला (बाळंतपणानंतर घरी येऊन आईला मदत करणारी बाई) शोधा, तिच्याच समाजातली, जिला प्रत्येक गोष्ट पहिल्यापासून समजावत बसावं लागणार नाही. मैत्रिणींसाठी शोधाशोध करताना जे कळत गेलं ते इथे लिहितेय. आणि तुम्ही स्वतः ब्लॅक आई असाल आणि मराठी वाचत असाल (अशाही आहेत) तर हे थेट तुमच्यासाठीच.

डुला काय करते आणि काय नाही

बर्थ डुला कळा सुरू झाल्यापासून सोबत असते. पोस्टपार्टम डुला बाळ घरी आल्यावर येते, तासांवर किंवा भेटींवर. दूध पाजायला बसायचं कसं हे दाखवणं, आईला दोन तास झोपू देणं, काहीतरी गरम खायला करून देणं, मोठ्या भावंडाला रमवणं, कपड्यांचा ढीग आवरणं, आणि मुख्य म्हणजे आईकडे लक्ष ठेवणं, कारण घरातले बाकी सगळे बाळाकडे बघत असतात. काही जणी दोन्ही कामं करतात, तेव्हा विचारून घ्या. ती नर्स नाही. टाके तपासणार नाही, औषध देणार नाही, निदान करणार नाही. जी हे सगळं करते म्हणते तिच्यापासून लांबच राहा. डुलाला सरकारी लायसन्स लागत नाही, सर्टिफिकेट ऐच्छिक असतं, त्यामुळे कागदावरून माणूस ओळखता येत नाही आणि म्हणूनच पुढची सगळी विचारपूस करावी लागते.

आपल्याच समाजातली कशाला, कुणीही चालेल की

हा प्रश्न येतोच, आणि तो विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण आकडे बघा. सीडीसीच्या (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) २०२३ च्या आकडेवारीत दर १ लाख जिवंत जन्मांमागे ब्लॅक आयांचे मृत्यू ५०.३ आणि गोऱ्या आयांचे १४.५. म्हणजे तिपटीहून जास्त. आणि हे फक्त गरिबीमुळे होतं असं म्हणून सुटता येत नाही, शिकलेल्या, चांगल्या पगाराच्या, चांगला इन्शुरन्स असलेल्या बायकांमधेही हा फरक दिसतो. शॅलन अर्व्हिंग स्वतः सीडीसीत एपिडेमिऑलॉजिस्ट (साथी आणि आजारांच्या प्रमाणाचा अभ्यास करणारी) होती, लोकांच्या आरोग्यातली विषमता हाच तिचा विषय, २०१७ च्या जानेवारीत बाळ झाल्यावर तीन आठवड्यांत गेली, ब्लड प्रेशरच्या त्रासातून, आणि त्या आठवड्यांत ती पुन्हा पुन्हा डॉक्टरांकडे जात होती. सेरेना विल्यम्सला त्याच वर्षी सिझेरियननंतर फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या, तिला पूर्वी हा त्रास झालेला होता म्हणून तिने स्वतः ओळखलं, स्कॅन करा म्हणून तिलाच मागे लागावं लागलं. सेरेना विल्यम्सला!

अजून एक गोष्ट, गरोदरपणाशी निगडित मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त हे बाळ झाल्यावर सात दिवस ते एक वर्ष या काळात होतात, आणि असे मृत्यू तपासणाऱ्या राज्यांच्या समित्यांच्या मते ८० टक्क्यांहून जास्त टाळता येण्यासारखे असतात. म्हणजे हॉस्पिटलमधून फुगे घेऊन घरी आल्यावर सगळ्यांना हुश्श वाटतं ना, तो काळच खरा जपायचा. आणि त्या काळात आई "मला बरं वाटत नाहीये" म्हणाली तर ते ऐकून लगेच विश्वास ठेवणारं कुणीतरी घरात हवं. डुला बहुतेक वेळा याचसाठी हवी असते, बाळाचे कपडे काय आपणही घडी घालून देऊ शकतो.

आता जरा बारीक गोष्टी, ज्या मला तरी आधी माहीत नव्हत्या. पुस्तकात लिहिलेलं असतं की सिझेरियनची जखम लाल झाली किंवा छातीवर लालसर चट्टा आला तर इन्फेक्शन समजा. सावळ्या किंवा गडद कातडीवर ते लाल दिसतच नाही बऱ्याचदा, ते जांभळट दिसतं, किंवा आजूबाजूपेक्षा अजून गडद, किंवा रंगात फरकच नाही नुसतं गरम, कडक आणि दुखरं लागतं. बाळाची कावीळ गालावर बघून कळत नाही, डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या बघाव्या लागतात. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र गडद कातडीवर कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, २०२० मधे यावर मोठा अभ्यास आला होता. बाळाच्या पाठीवर कुल्ल्यांवर जन्मतःच निळसर करडे डाग असतात, ब्लॅक बाळांमधे ते अगदी नेहमीचे, पण माहीत नसलेल्या माणसाला ते मारल्याचे वण वाटू शकतात, आणि तिथून गोष्ट चाइल्ड प्रोटेक्टिव्ह सर्व्हिसेसपर्यंत (मुलांच्या छळाची चौकशी करणारं सरकारी खातं) जाऊ शकते. ही भीती ब्लॅक घरांमधे फार खरी आहे. त्यामुळे त्या डागांची नोंद बाळाच्या पहिल्याच तपासणीत डॉक्टरकडून फाइलमधे करून घ्यायला लावणारी डुला सोन्यासारखी.

शिवाय दूध पाजण्याचा विषय. गुलामगिरीच्या काळात ब्लॅक बायकांना मालकिणीच्या बाळांना पाजायला लावायचे, स्वतःचं बाळ उपाशी, आणि हे काही घरांमधे अजून आज्या-पणज्यांच्या बोलण्यातून उतरलेलं आहे. अशा घरातली आई "मला नाही पाजायचं" म्हणाली तर तिच्यावर लेक्चर झोडणारी बाई नको आणि "मला पाजायचंय पण आईचा विरोध आहे" म्हणाली तर आजीला न दुखावता वाट काढणारी हवी.

आणि हे काही नवीन फॅड नाही बरं का. दक्षिणेकडच्या राज्यांत पिढ्यानपिढ्या ब्लॅक सुइणीच बाळंतपणं करायच्या, ब्लॅक घरांची आणि कित्येक गोऱ्या घरांचीही, आणि नंतर पुढचे कितीतरी दिवस घरी जाऊन बघायच्या. विसाव्या शतकात कायदे आणि परवान्यांनी त्यांना हळूहळू बाजूला केलं, अलाबामात तर १९७६ च्या कायद्याने ते जवळपास बंदच झालं. आज ज्या संस्था उभ्या राहतायत त्या तुटलेलं परत जोडतायत.

ब्लॅक म्हणजे एकच नाही

इथे लोक घसरतात. जॉर्जियातल्या आफ्रिकन अमेरिकन घरातली मुलगी, ब्रुकलिनमधली हेतियन, ह्यूस्टनमधली नायजेरियन आणि मिनियापोलिसमधली सोमाली यांची बाळंतपणानंतरची अपेक्षा वेगळी असते. इग्बो घरात ओमुग्वो असतं, म्हणजे आजी येऊन राहते, गरम पाण्याने शेकते, तिखट सूप करून घालते, तिथे डुलाचं काम आजीला हातभार लावणं, तिची जागा घेणं नाही. हेतियन घरात झाडपाल्याच्या अंघोळी असू शकतात. सोमाली आईला बाईच हवी, आणि घरात कधी कोण येणार याचे नियम असतील. तेव्हा आधी तिलाच विचारा की तुला सारखेपणा कशात हवाय. भाषेत? धर्मात? खाण्यात? की फक्त मला लगेच खरं मानणारी हवी? कुणाला दोन बायकांच्या जोडप्याच्या घरात न अवघडणारी हवी असते. हे एका कागदावर लिहा, तीन गोष्टी "हव्याच" आणि बाकीच्या "असल्या तर छान". सगळंच हवं म्हटलं तर कुणीच मिळणार नाही.

आधी पैशाचं

विसाव्या आठवड्याच्या आसपास सुरू करा, कारण चांगल्या डुला लवकर बुक होतात. उशीर झाला असेल, अगदी बाळ झालेलं असेल तरी शोधा, बऱ्याच ठिकाणी बाळंतपणानंतरसुद्धा सुरू करता येतं.

तिचा मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी इन्शुरन्स) असेल तर पहिला फोन तिथेच. ब्लॅक आयांची जवळपास दोन तृतीयांश बाळंतपणं मेडिकेडवर होतात आणि आता बरीच राज्यं डुलाचे पैसे देतात, सगळी नाही. ओरेगन आणि मिनेसोटा आधीपासून, न्यू जर्सी २०२१ पासून, कॅलिफोर्निया आणि मिशिगन २०२३ पासून, न्यूयॉर्क २०२४ पासून. कॅलिफोर्नियाचं उदाहरण सांगते म्हणजे अंदाज येईल, तिथे मेडी-कॅलमधे (तिथल्या मेडिकेडचं नाव) एक पहिली भेट, मग आधीच्या आणि नंतरच्या मिळून ८ भेटी, बाळंतपणाच्या वेळची सोबत, आणि बाळ झाल्यावर ३-३ तासांच्या २ मोठ्या भेटी, शिवाय गरज असेल तर वेगळी शिफारस घेऊन नंतरच्या अजून ९ भेटी, आणि हे सगळं प्रेग्नन्सी संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत. गर्भपात झाला तरी मदत मिळते, हे फार कमी जणींना माहीत असतं. न्यूयॉर्कमधे ८ भेटी अधिक बाळंतपणाची सोबत. दोन्ही राज्यांनी सगळ्यांसाठी एकच सरकारी शिफारस काढून ठेवलीये म्हणजे सुरुवातीला आपल्या डॉक्टरकडून चिठ्ठी आणायची गरज नाही. आणि बाळंतपणानंतरचा मेडिकेड पूर्वी ६० दिवसांत बंद व्हायचा, आता जवळजवळ सगळ्या राज्यांत वर्षभर चालतो.

कार्डच्या मागे मेंबर सर्व्हिसेसचा नंबर असतो, तिथे फोन लावून हे विचारायचं: डुला बेनिफिट आहे का, त्यातल्या किती भेटी बाळंतपणानंतर वापरता येतात, शिफारस लागते का, आणि माझ्या झिपकोडजवळच्या डुलांची यादी ईमेल करा. पहिली बाई "असं काही नसतं" म्हणाली तर फोन ठेवून परत लावा, खरंच, फोनवरच्या माणसाला नवीन बेनिफिट माहीत नसणं रोजचं आहे. दुसऱ्यांदाही तेच झालं तर केस मॅनेजर मागा. बोलणाऱ्याचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर लिहून ठेवा.

कंपनीचा इन्शुरन्स असेल तर एचआरला विचारा, मेवन किंवा कॅरट असे प्लॅटफॉर्म काही कंपन्या देतात आणि त्यात डुलासाठी पैसे किंवा निदान ऑनलाइन भेटी असतात. एफएसए-एचएसएमधून (आरोग्यखर्चासाठीची करमुक्त खाती) द्यायचं असेल तर डॉक्टरकडून लेटर ऑफ मेडिकल नेसेसिटी, म्हणजे वैद्यकीय गरज असल्याचं पत्र, आधी घेऊन ठेवा, नंतर धावपळ होते. हे काहीच नसेल तर खिशातून, साधारण तासाला ३० ते ६० डॉलर, मोठ्या शहरात आणि रात्रपाळीला त्याच्या वर. इथे आपण मदतीला येतो. बेबी शॉवरला पाचवं ब्लँकेट नेण्यापेक्षा ग्रुपने मिळून २० तासांचे पैसे द्या. बऱ्याच समाजसंस्था ऐपतीनुसार फी घेतात किंवा फुकट करतात, विचारायला लाजू नका.

शोधायचं कुठे

नॅशनल ब्लॅक डुलाज असोसिएशनची डिरेक्टरी आहे, राज्यानुसार बघता येते. न्यू ऑर्लिन्समधून चालणाऱ्या सिस्टा मिडवाइफ प्रॉडक्शन्सचीही ब्लॅक सुइणी आणि डुलांची डिरेक्टरी आहे. शहरानुसार बघायचं तर ब्रुकलिनमधे एन्शंट साँग, वॉशिंग्टन डीसीत मामाटोटो व्हिलेज, कॅन्सस सिटीत उझाझी व्हिलेज, सॅन फ्रान्सिस्कोत सिस्टरवेब. अटलांटाच्या ब्लॅक मामाज मॅटर अलायन्सच्या सहकारी संस्थांची यादी बघितली की आपल्या भागातलं कुणीतरी सापडतं बहुतेक. अर्थ (Irth) नावाचं ॲप आहे, किम्बर्ली सील्स ॲलर्सने काढलेलं, त्यात ब्लॅक आणि ब्राउन आया हॉस्पिटल आणि डॉक्टरांचे रिव्ह्यू देतात. डुला त्यात मिळणार नाही पण बाळंतपण कुठे करायचं हे ठरवायला कामाचं.

ऑनलाइन न दिसणाऱ्या जणी जास्त असतात. विकचं (WIC, आई-बाळांच्या पोषणाची सरकारी योजना) ऑफिस, त्यांच्या ब्रेस्टफीडिंग पीअर काउन्सेलर, १९९१ पासून चालत आलेला फेडरल हेल्दी स्टार्ट प्रोग्राम तिच्या काउंटीत असेल तर तिथली केसवर्कर, तिच्या चर्चमधल्या बायका, आणि केस विणून देणारी! हसू नका. चार-पाच तास खुर्चीत बसलेल्या बायका काय काय बोलतात, कुणाची डुला चांगली निघाली आणि कोण फोन उचलत नाही हे तिथे बरोबर कळतं.

बोलताना काय विचारायचं

दोघी-तिघींशी अर्धा-अर्धा तास बोला, पहिलं बोलणं बहुतेक फुकट असतं. ट्रेनिंग कुठे झालं हे विचाराच पण त्यावर फार वेळ घालवू नका. मी हे प्रश्न जास्त महत्त्वाचे धरते.

"बाळ होऊन आठ दिवस झालेत, रात्रीचे अकरा वाजलेत, मी तुम्हाला मेसेज केला की डोकं ठणकतंय आणि बीपी १५०/१०० आलंय. तुम्ही काय कराल?" बरोबर उत्तर असं की आत्ताच्या आत्ता डॉक्टरच्या इमर्जन्सी लाइनला फोन, तिथून लगेच उत्तर आलं नाही तर सरळ हॉस्पिटल, मी फोनवर थांबते. चुकीचं उत्तर, पाणी पी आणि जरा पड, सकाळी बघू. इथेच निम्म्या गळतात आणि गळू द्या.

"डॉक्टर माझं ऐकत नसेल तर?" तिने तुमच्या वतीने भांडायचं नाहीये, तुम्हाला बोलायला बळ द्यायचंय. चांगली डुला सांगेल की लक्षणं वेळेसकट लिहून ठेवू, आणि डॉक्टर तपासणी नको म्हणाला तर "तुम्ही नकार दिलात हे माझ्या चार्टमधे लिहा" म्हणायचं. हे वाक्य भल्याभल्यांना दुसऱ्यांदा विचार करायला लावतं.

"माझ्या घरातल्या गोष्टी तुम्ही कुणाला सांगता, आणि कधी सांगावंच लागतं?" राज्यानुसार, संस्थेनुसार नियम वेगळे असतात, तिने गोलमोल न बोलता स्पष्ट सांगायला हवं.

"माझी आई पण असणार आहे घरात, तिच्याशी तुमचं मत जुळलं नाही तर?" "मागच्या ज्या ब्लॅक आयांकडे काम केलंत त्यातल्या एकीशी बोलता येईल का?" मग तुम्ही आजारी पडलात तर बदली कोण, ती बदलीवालीपण ब्लॅक असेल का (हे सगळे विसरतात), रात्री येता का, टीडॅप (डांग्या खोकला, धनुर्वात यांची) आणि फ्लूची लस, बॅकग्राउंड चेक, पैसे परत कधी मिळतात. सगळं करारात लेखी. तोंडी ठरलेलं तिसऱ्या आठवड्यात कुणालाच आठवत नाही.

आणि एक, तिची कातडी काळी आहे म्हणून ती आपोआप चांगली डुला होत नाही. पहिल्याच बोलण्यात सिझेरियन किंवा फॉर्म्युलावरून नाक मुरडणारी कुणीही असो, नको.

गावात कुणीच नसेल तर

छोट्या गावांत हे होतं. मग दोन माणसांत काम वाटा. लांबच्या शहरातली ब्लॅक डुला व्हिडिओवर, आठवड्यातून एक-दोनदा, नुसतं ऐकायला आणि लक्षणं विचारायला, आणि हाताने काम करायला गावातली जी मिळेल ती. त्या गावातलीला विचारा की गडद कातडीवर इन्फेक्शन कसं ओळखता, बाळाच्या केसांना काय लावता, काय नाही. "मला माहीत नाही, शिकून घेते" हे उत्तर चालेल. "मला सगळी बाळं सारखीच" हे नाही चालणार. दूध पाजण्यासाठी ब्लॅक लॅक्टेशन कन्सल्टंट वेगळी मिळाली तर बघा, त्यातल्या बऱ्याच जणी ऑनलाइन भेटतात.

बाळ आल्यावर

डुलाच्या भेटी पहिल्या दोन आठवड्यांतच संपवू नका. तेव्हा आजी, मावशी, मैत्रिणी सगळे असतात, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घर रिकामं होतं, नवऱ्याची रजा संपते, तेव्हासाठी निम्म्या राखून ठेवा. अमेरिकेतल्या स्त्रीरोग डॉक्टरांच्या संघटनेने २०१८ पासून सांगितलंय की बाळ झाल्यावर ३ आठवड्यांच्या आत आईशी संपर्क व्हायला हवा आणि सगळी तपासणी १२ आठवड्यांच्या आत, तरी कितीतरी ठिकाणी अजून थेट सहाव्या आठवड्याची तारीख देतात. तिची तारीख उशिराची असेल तर अलीकडची मागून घ्या, बीपीचा त्रास झालेला असेल तर पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यातच.

घरी दंडाला लावायचं बीपीचं मशीन आणून ठेवा, कारण प्रीएक्लॅम्प्सिया (बीपी धोकादायक वाढण्याचा गरोदरपणातला आजार) बाळ झाल्यावरही होतो. १४०/९० च्या वर गेलं तर डॉक्टरला फोन, १६०/११० ला थेट इमर्जन्सी. फ्रिजवर कागद लावा: न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यासमोर चमकणं, छातीत दुखणं, धाप, जोरात धडधड, चेहरा-हात सुजणं, एका पायात दुखणं किंवा सूज, १००.४ च्या वर ताप, तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार. यातलं काहीही झालं की निघायचं, आणि इमर्जन्सीत गेल्यागेल्या पहिलं वाक्य "मला बाळ होऊन इतके दिवस झालेत" हेच, कारण बाळ सोबत नसेल तर तिथल्या कुणाला ते कळत नाही. हा कागद नवऱ्याने, आजीने, तुम्हीसुद्धा वाचायचा, एकट्या डुलावर टाकायचा नाही.

मन ढासळलं तर नॅशनल मॅटर्नल मेंटल हेल्थ हॉटलाइन १-८३३-८५२-६२६२, चोवीस तास, फुकट, फोन किंवा मेसेज. पोस्टपार्टम सपोर्ट इंटरनॅशनलची हेल्पलाइन १-८००-९४४-४७७३, आणि त्यांचे ब्लॅक आयांसाठी वेगळे ऑनलाइन ग्रुप असतात, डुलाला सांगा तिच्यासोबत बसून नाव नोंदवायला.

पहिल्या दोन भेटींत जमलं नाही, तिच्यासमोर अवघडल्यासारखं वाटलं, तर बदला. संस्थेमार्फत घेतली असेल तर समन्वयकाला सरळ सांगायचं की दुसरी द्या, कारण देत बसायची गरज नसते, आणि मेडिकेडवर असाल तर आधी किती भेटी वापरल्या गेल्यात ते विचारून घ्या म्हणजे नवीन डुलाला उरलेल्या नीट वाटून घेता येतील. हा फोन तिला अवघड जात असेल तर तिला विचारून तुम्ही लावा.